भेटीची वेळ : चार ते सहा

मित्रांनो, मी रुग्णालयाच्या चौकशी खिडकीतला संगणक. आता जुना झालो आहे. माझ्या दोन-तीन कळा दोनदा दाबाव्या लागतात.

माझ्यापुढे बसणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. खिडकीशी सकाळपासून रांग असे आणि प्रत्येक माहिती तळघरातल्या मोठ्या संगणकाकडून मागवावी लागे. म्हणून एकदा आलेल्या पानाची नक्कल मी जवळच ठेवून घेई. पुन्हा तेच पान हवे असले, की तळघरात न विचारता नक्कल पुढे करी. अशा साठ्याला कॅशे म्हणतात. नक्कल किती दिवस खरी मानायची, हेही ठरलेले असते. मला बसवणाऱ्याने ती मुदत आठवड्याची ठेवली होती. ताई कौतुकाने म्हणत, "आमचा हा गडी विचारायच्या आत उत्तर देतो." मी फुशारून जाई.

एका सकाळी परगावच्या एका बाईंचा फोन आला. त्यांचा धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर दाखल होता. भेटायला कधी येऊ, असे त्या विचारत होत्या. ताई रजेवरून त्याच दिवशी परतल्या होत्या. त्यांनी पान उघडले. मी क्षणात दाखवले, चार ते सहा. ताईंनी तेच सांगितले.

भेटीची वेळ आदल्या दिवशीच बदलून बारा ते एक झाली होती. नवे पान तळघरात तयार होते. मी विचारलेच नाही.

दुपारी भावाची तब्येत एकाएकी बिघडली आणि दोन वाजता तो गेला. घरी फोन केला तेव्हा बहीण वाटेत होती. परिचारिकेने नंतर सांगितले, की भेटीच्या वेळी तो दाराकडे डोळे लावून होता. "आक्का आली का?" असे त्याने दोनदा विचारले.

पुढे दुरुस्तीवाल्याने मला तपासले. नक्कल ठेवण्यात वावगे नाही, मुदत फार लांब आहे, असे तो म्हणाला. आता मी आधी तळघराला विचारतो, पान बदलले का? त्याला एक क्षण लागतो.

भाऊ गेल्याच्या चौथ्या दिवशी आक्का त्याचा चष्मा न्यायला आल्या. ताई उठून उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे. स्क्रीनवर दिसलं ते सांगितलं. वॉर्डात विचारलं नाही."

आक्का बराच वेळ रुमालाने चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "चारला वेळ आहे म्हणून मी निवांत जेवून निघाले हो. तो घास अजून उतरत नाही."

माझा दोष ताईंनी स्वतःवर घेतला.

मित्रांनो, कुणी वाट बघत असेल, तर आठवणीतले उत्तर देऊ नका. एकदा विचारून घ्या. तो एक क्षण मी वाचवला होता. त्याचे काय करू, ते मला अजून कळत नाही.