बिनविरोध गावाचा राष्ट्रपती

सोनपेठ तालुक्यातल्या या गावाच्या वेशीवर एक ठळक पाटी आहे: 'सलग चार वेळा बिनविरोध ग्रामपंचायत'. गावाला तिचा भारी अभिमान. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला पाटी दाखवतात. वीस वर्षं झाली, ग्रामपंचायतीसाठी इथं मतदान म्हणून झालंच नाही. पारावर चार शहाणी माणसं बसतात, कुणी उभं राहायचं आणि कुणी गप बसायचं ते ठरवतात, नारळ फुटतो, खोबरं वाटलं जातं आणि निवडणूक संपते. भांडण नाही, तंटा नाही. आता ज्यांना त्या पारावर कधी कुणी बोलावलंच नाही, त्यांना काय वाटतं हे विचारायचं राहून गेलं, एवढंच.

अशा गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत साक्षी मॅडमनी राष्ट्रपतीची निवडणूक शिकवायला घेतली.

"मॅडम, राष्ट्रपतीला आपले आईबाप मत टाकत्यात का?" आठवीतल्या रुद्राणीनं विचारलं. किराणा दुकानदाराची ही पोर प्रश्न विचारल्याशिवाय वही मिटत नसे.

"नाही. आपण निवडून दिलेले खासदार आणि आमदार टाकतात. आणि सगळ्यांच्या मताची किंमत सारखी नसते. ज्याच्यामागं जास्त माणसं, त्याचं मत वजनदार."

पोरांची तोंडं कोरीच राहिली. तेव्हा मॅडमनी खडू ठेवला आणि जाहीर केलं की आपण शाळेचा राष्ट्रपती निवडू. पाचवी ते आठवी, प्रत्येक वर्गानं दोन प्रतिनिधी निवडायचे. वर्गात जितकी पोरं, त्याच्या निम्मी एकेका प्रतिनिधीच्या मताची किंमत. पाचवीच्या प्रतिनिधीचं मत बाराचं, सातवीच्याचं चौदाचं. मतपत्रिकेवर जांभळ्या पेनानं एक, दोन असे पसंतीचे आकडे घालायचे. मॅडम स्वतः निवडणूक अधिकारी. माघार घ्यायची तर उमेदवारानं स्वतः येऊन, शनिवारच्या मधल्या सुट्टीआधी.

शाळा नुसती घुमायला लागली. तीन अर्ज आले. एक रुद्राणीचा. दुसरा सरपंचांच्या पुतण्याचा, आठवीतल्याच गोपाळचा. पोरगा कबड्डीत तरबेज आणि मनानं मोकळा. तिसरा सातवीतल्या रेणुकाचा. रेणुका म्हणजे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मालनबाईंची लेक. वर्गानं तिला प्रतिनिधी म्हणूनही निवडलं होतं, आणि त्या दिवसापासून ती दप्तर पाठीला न लावता हातात धरून ऐटीत चालत होती.

गुरुवारी मॅडम आठवीच्या वर्गात आल्या तर फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं: 'गोपाळ बिनविरोध'. टेबलावर खोबऱ्याचे तुकडे.

"हे काय आहे?"

"आमी मिटवलं, मॅडम!" गोपाळ छाती काढून म्हणाला. "काल सांजच्याला पारावर बसलो. रुद्राणीला ग्रंथालय दिलं. रेणुकाला झाडांचं पाणी दिलं. दोघींनी माघारीवर सह्या केल्या. नारळ बी फोडला. तुमचं काम लय हलकं झालं!"

त्याच्या आवाजात लबाडीचा लवलेश नव्हता. शाबासकी मिळेल म्हणून पोरगं उभं होतं. मॅडमना रागवावं की हसावं कळेना. दोन आठवडे घसा कोरडा करून जे शिकवलं, ते पोरांनी एका संध्याकाळी पारावर नेऊन निकालात काढलं होतं.

"अरे, पण मतदान करायचं होतं ना आपल्याला?"

"मॅडम, राष्ट्रपती बी एकदा बिनविरोध झालेत. एकोणीसशे सत्त्याहत्तरला. तुमीच सांगितलं," रुद्राणीनं नेमकं बोट ठेवलं, आणि उठून आपला माघारीचा कागद स्वतः टेबलावर आणून ठेवला. तिला ग्रंथालयाची चावी हवीच होती.

रेणुकाचा कागद मात्र गोपाळच्या हातात होता. रेणुका त्या दिवशी शाळेत आली नव्हती.

"हा मला चालणार नाही. तिचा कागद तिनंच आणायचा," मॅडम म्हणाल्या. मुख्याध्यापक मल्लिकार्जुन सरांनी दारातूनच मान हलवली. "जाऊ द्या हो मॅडम, पोरंच ती. मिटलं ते बरं झालं." सरांची निवृत्ती दीड वर्षावर आली होती आणि तोवर त्यांना सगळंच मिटलेलं हवं होतं.

मधल्या सुट्टीत मॅडम खिचडीच्या शेडमध्ये गेल्या. मालनबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करताच त्या बोलल्या.

"मला माहीत हाय तुमी कशाला आलाव. सही तिचीच हाय. मीच करायला सांगितली."

"का, मालनबाई?"

"खिचडीचं काम दर साली शाळेची कमिटी देती. कमिटीचं अध्यक्ष कोण, तर गोपाळचं चुलतं. पोरीच्या हौसंपायी माझं काम जायचं, मॅडम. तुमची बदली हुईल, तुमी जाताल. आमाला हितंच ऱ्हायचंय."

'काही होत नाही, उभी राहू द्या तिला,' हे साक्षी मॅडमच्या ओठांवर आलं होतं. पण काम गेलं तर आपण कोणत्या तोंडानं यांच्यासमोर उभं राहायचं? शिवाय निवडणूक अधिकाऱ्यानं उमेदवाराला उभी राहा म्हणणं कुठल्या नियमात बसतं? त्यांना राग आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. आपण तासाचा खेळ म्हणून काढला आणि तो नेमका एका बाईच्या चुलीवर येऊन पडला. शनिवारी रेणुका कागद घेऊन आली की काही न बोलता तो घ्यायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं.

शनिवारी रेणुका आली. कागद चार घड्या घातलेला. सगळा वर्ग बघत होता. खिडकीबाहेर शेडच्या तोंडाशी मालनबाई परात धरून उभ्या होत्या.

मॅडमनी हात पुढं केला. रेणुकानं कागद दिला नाही.

"मॅडम, मी माघार घेतल्यावर बी मी सातवीची प्रतिनिधी ऱ्हाती ना?"

"राहतेस."

"मग मला मत टाकायला मिळंल?"

"नाही, बाळा. एकच उमेदवार उरला तर मतदान होत नाही."

"कुणाचंच?"

"कुणाचंच."

रेणुकानं कागद पाचव्यांदा दुमडला आणि दप्तरात घातला.

"मग मी माघार न्हाई घेत."

"अगं, पण आपलं ठरलं होतं ना!" गोपाळ उठलाच. "नारळ बी फुटला!"

"नारळ तुमी फोडला. मी पडले तरी चालंल. तू राष्ट्रपती हो. पण माझ्या मताची किंमत चौदा हाय, गोपाळ. ती मी अजून एकदा बी टाकली न्हाई."

साक्षी मॅडमनी खिडकीकडं बघितलं. मालनबाई परात घेऊन आत गेल्या होत्या. पण नियम तो नियम. मॅडमनी फळ्यावर दोन नावं लिहिली.

सोमवारी मतदान झालं. कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा, टेबलावर बिस्किटांच्या खोक्याची पेटी. आठ मतदार एकेक करून गेले. पाचवीतला एक जण आकडा घालायला इतका वेळ लावत होता की सरांनी दोनदा खाकरून बघितलं. रेणुकानं मात्र पटकन लिहिलं, चिठ्ठी पेटीत सोडली आणि फटीतून ती नीट आत पडली का, हे डोळा लावून बघितलं.

मल्लिकार्जुन सरांनी निकाल वाचला. एकूण मूल्य चौऱ्याण्णव. गोपाळ छप्पन. रेणुका अडतीस. गोपाळला पोरांनी खांद्यावर घेतलं आणि तो मैदानभर "छप्पन! छप्पन!" ओरडत फिरला. बिनविरोध झाला असता तर हा आकडा त्याला कुठून मिळाला असता?

खिचडी वाढायची वेळ झाली. रेणुका ताट घेऊन रांगेत उभी होती आणि तिच्यामागं मॅडम.

"पडलीस ना?" मालनबाईंनी विचारलं.

"पडले."

"किती मतं?"

"अडतीस."

पळी तशीच हातात राहिली. "अडतीस? आपल्याला?" त्यांचा पोरीवर विश्वास बसेना. त्यांनी मॅडमकडं बघितलं. "खरं का, मॅडम? तिचं सोताचं धरून का सोडून?"

"धरून. सोडून चोवीस."

"म्हंजे चोवीस तर दुसऱ्याचे," मालनबाई सावकाश म्हणाल्या. त्यांनी पोरीच्या ताटात खिचडी वाढली, मॅडमच्या वाढली, मागच्या चार पोरांच्या वाढली. काम राहील की जाईल, हे त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं, त्यांनाही नाही. रांग सरकली तशी त्यांनी हळूच हाक मारली.

"मॅडम, ते ग्रामपंचायतीचा अर्ज कुठं भरायचा असतो?"

मॅडम मागं वळल्या.

"न्हाई, असंच इचारलं," मालनबाई म्हणाल्या आणि पळी पातेल्यात घातली.

"सोनपेठला, तहसीलमध्ये," साक्षी मॅडम म्हणाल्या. "मी तिथंच राहते. बरोबर येईन."