लाल रेघेच्या वर

मी एक जुने श्वास मोजण्याचे यंत्र आहे. मित्रांनो, नाव भारदस्त वाटले तरी माझा देह साधा आहे. पाण्याने भरलेली टाकी, तीत पालथा घातलेला पत्र्याचा डबा, कप्पीवरून गेलेली साखळी आणि तिच्या टोकाला वजन. नळीतून फुंकले की डबा वर येतो आणि पट्टीवर आकडा दिसतो. घडवणाऱ्या कारागिराने मला सात वेळा तपासले होते. याचा मला अभिमान आहे, जरा जास्तच आहे.

एका दवाखान्याने मला अडगळीत टाकले, तेव्हा चार निवृत्त सैनिक मला हातगाडीवर घालून घेऊन आले. सुरुंगांचा धूर आणि खंदकांची धूळ छातीत घेऊनच ते लढाईवरून परतले होते. त्यांचा पाचवा सोबती धाप लपवता लपवता गेला. त्याला निरोप देऊन आल्यावर चौघांनी त्यांच्यातल्याच एकाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत संस्था काढली. नियम एकच होता. दर रविवारी प्रत्येकाने सर्वांसमोर फुंकायचे आणि आकडा फळ्यावर लिहायचा. आकडा लाल रेघेच्या खाली गेला, तर त्याच दिवशी डॉक्टर आणि ऑक्सिजनचे मशीन घरी पोचायचे.

चाराचे साठ झाले. फौजेतून निवृत्त झालेली एक सिस्टर श्वासाचे व्यायाम शिकवू लागली. माझ्या आकड्यावर चहाच्या पैजा लागत. ते दिवस फार सुखाचे होते.

पण खोकला कळला की फौजेतून घरी पाठवतात, हे भय या माणसांच्या हाडीमाशी खिळले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची! चौघांतला बिगुलवाला तर याबाबतीत सगळ्यांचा गुरू. त्याच्या बिगुलाने म्हणे सहा मैलांवरची माणसे जागी होत, आणि हे मैल दरवर्षी एकाने वाढत. आकडा मात्र दर महिन्याला उतरत होता.

एका रविवारी तो सर्वांच्या आधी आला आणि त्याने माझ्या वजनाला नटाखाली घालतात तसला एक लोखंडी वायसर अडकवला. आता थोडे फुंकले तरी डबा जास्तच वर ओढला जाणार होता. मी यंत्र असलो तरी मला लाज वाटली. त्याने फुंकले, आकडा झकास आला, टाळ्या पडल्या. वायसर काढायला तो पुढे झाला, तर सिस्टर माझ्याजवळच उभी! आणि पुढचा नंबर होता आचाऱ्याचा.

हा पलटणीचा आचारी, बिगुलवाल्याचा जिवलग. धापेमुळे आठवडाभर त्याला झोप नव्हती. त्याने फुंकले. आकडा लाल रेघेच्या वर गेला.

"अरे वा! मशीन नको तुम्हाला," सिस्टर म्हणाली.

"यंत्र म्हणतंय तर बराच असेन मी," आचारी म्हणाला आणि टोपी घालून निघाला. बिगुलवाला मूग गिळून बसला. मला ओरडावेसे वाटत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटे बोललो होतो आणि ते बिगुलवाल्याखेरीज कोणालाच कळले नव्हते.

बाकीचे एकेक करून फुंकत राहिले. सगळ्यांचेच आकडे वाढलेले पाहून सिस्टरच्या कपाळाला आठी पडली. तेव्हा बिगुलवाला उठला. त्याने वायसर काढून तिच्या तळहातावर ठेवला.

"मी लावला. आचाऱ्याचा आकडा खोटा आहे."

"त्यांना जाऊन किती वेळ झाला?"

"वीस मिनिटं. घरी जायला तीन जिने चढायचेत त्याला."

तिने लगेच डॉक्टरांना फोन लावला. सायकलवाल्याने ऑक्सिजनचे मशीन उचलले आणि सगळे धावले. बिगुलवालाही धावला, पण दारातच त्याचा श्वास अडकला. चौकट धरून तो परतला आणि माझ्यासमोर बसला. खोलीत आम्ही दोघेच उरलो.

मग नळी तोंडाला लावून त्याने जीव खाऊन फुंकले. डबा जेमतेम हलला. आकडा लाल रेघेच्या कितीतरी खाली होता. पाहणारे कोणी नसताना त्याने तो स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिला.

तासाभराने सिस्टर आली. "दुसऱ्या जिन्यावर बसले होते. ओठ निळे पडले होते," ती म्हणाली. "आता मशीन लावलंय, डॉक्टर आलेत. वाचतील." मग तिची नजर फळ्यावर गेली आणि तिने दुसऱ्या मशीनसाठी फोन उचलला. बिगुलवाला मात्र लहान मुलासारखा रडला.

मित्रांनो, आता माझे काम मुठीत मावणारे एक उपकरण करते. मी फडताळावर असतो. माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या घरातले कोणी जिना चढताना मध्येच थांबून उगाच चप्पल नीट करू लागले, तर "चला, लवकर चला" म्हणू नका. पायरीवर त्यांच्या शेजारी बसा आणि ते खरे बोलेपर्यंत उठू नका.