ताटावरून उठताना

संजीवनीने गाईचा घास बाजूला काढला, देवाला हात जोडले आणि भाताला हात लावला. आता ताटावरून उठेपर्यंत बोलायचं नव्हतं. आषाढी एकादशीपासून तिचा हा नेम होता, चातुर्मास संपेपर्यंत मौनाने जेवायचं. मध्येच तोंडून शब्द गेला तर ताट सोडायचं आणि त्या दिवशी पुन्हा अन्नाला शिवायचं नाही. उद्यापनाला देवळात द्यायची पितळी घंटा तिने उल्हासनगरहून आधीच आणली होती. ती देवघरात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली होती. मुलगा गुरुदत्त अंबरनाथच्या कंपनीत पर्मनंट व्हावा म्हणून हे व्रत. नोकरी श्रावणातच गेली, पण धरलेलं व्रत तिने सोडलं नव्हतं.

गुरुदत्त समोर बसला होता, मान खाली घालून. त्याच्या शेजारी दिनानाथ. शिरगावातली रिकामी पोरं जमवून दिनानाथ संघटना चालवायचा, भाषणांच्या सीडी वाटायचा. आज तो जेवायला थांबला होता.

"काकू, आमटी एक नंबर," तो म्हणाला. "पण हे मौनाचं भारी आहे हां. आमच्या घरात कोणी धरलं ना, तर मी स्वतः नारळ फोडीन."

संजीवनी हसली आणि तिने डाव्या हाताने त्याला आणखी एक पळी वाढली.

मग ती तिथे नसल्यासारखंच त्याने गुरुदत्तला विचारलं, "फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटते ना?"

"हो."

"म्हणजे चारपर्यंत रिक्षा नाक्यावर. राजरत्न उतरला की तू नुसती मान हलवायची. पोरांना त्याचा चेहरा माहीत नाही. पुढचं ती बघतील."

"जास्त नको पण, दादा."

"जास्त कशाला? एक हात, एक पाय. विहाराजवळच्या त्या चाळीत निरोप पोचला पाहिजे. तुला गेटबाहेर काढलं आणि तो आत राहिला. विसरलास काय?"

संजीवनीचा हात ताटातच राहिला. राजरत्नला ती ओळखत होती, भीमरावांचा मुलगा. तिचा मुलगा आणि तो दोन वर्षं एकाच मशीनवर होते.

तिला श्रावणातला तो दिवस आठवला. गुरुदत्त भर दुपारी घरी आला होता. ती नुकतीच जेवायला बसली होती. दारातच उभा राहून तो म्हणाला, "आई, ऐक ना, आज कंपनीत..." तिने बोट वर केलं आणि ताटाकडे दाखवलं. जेवू दे, मग बोल. तो थोडा वेळ उभा राहिला, मग "राहू दे" म्हणाला. तिने हात धुतले तेव्हा दिनानाथची बाइक गल्लीतून निघाली होती आणि मागच्या सीटवर गुरुदत्त होता. नोकरी गेल्याचं तिला दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून कळलं. तेव्हापासून घरात दोघं एकत्र बसत ती जेवायलाच, आणि जेवताना ती बोलत नव्हती.

तिने घास ताटात परत ठेवला.

"दिनानाथ," ती म्हणाली, "तुझा सनी येतोय का रे संध्याकाळी?"

दोघांनी एकदम वर पाहिलं. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"काकू, तुमचं व्रत..."

"ते माझं मी बघते. सनी येतोय का?"

"सनी कशाला? त्याची बारावी आहे." दिनानाथने पापड मोडला. "भावाला मी असल्या लफड्यात नाही घेत."

"बरोबर आहे," संजीवनी म्हणाली. "मोठ्या भावाने असंच बघावं."

गुरुदत्तने दिनानाथकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या पापडाकडे. दिनानाथ हसला, पण कोणी साथ दिली नाही. "साडेतीनला येतो रे बाइक घेऊन," म्हणत तो हात धुवायला उठला.

तो गेल्यावर संजीवनीने आपलं ताट दुसऱ्या ताटाने झाकलं आणि ओट्यावर ठेवलं. मग ती गुरुदत्तसमोर येऊन बसली.

"त्या दिवशी काय सांगत होतास?"

"कधी?"

"मी बोट दाखवलं तेव्हा."

तो भिंतीला टेकून बसला. तिने वाती वळायला घेतल्या. दहाबारा वाती झाल्या असतील.

"काही नाही," तो म्हणाला. "ठेकेदाराने एकोणीस जणांना काढलं. गेटवरच पास घेतला. चप्पल बदलायलापण आत सोडलं नाही. सेफ्टी बूट काढून ठेव म्हणाला, वॉचमनसमोर. मी अनवाणी उभा, आई. सगळी शिफ्ट बघत होती."

"मग?"

"मग काय." त्याने नाक पुसलं. "राजरत्न चप्पल घेऊन आला बाहेर. आणि डबा. सुपरवायझर ओरडत होता त्याच्यावर, तरी आला."

संजीवनीचे हात थांबले. डबा त्या दिवशी घासलेलाच घरी आला होता. तिला वाटलं होतं, गुरुदत्तनेच घासला.

"हे दिनानाथला सांगितलंस?"

"त्याने विचारलंच नाही. तो म्हणाला, तुझा अपमान झालाय. तेवढंच पुरलं."

घड्याळात साडेतीन वाजत आले होते. संजीवनीने वाती डबीत भरल्या, मागच्या दाराशी जाऊन चपला घातल्या.

"मी भीमरावांकडे जाऊन येते. त्यांच्याकडे मोबाइल आहे, राजरत्नला फोन करून नाक्याच्या अलीकडेच उतरायला सांगतील. तुला मी जा म्हणत नाही, थांब म्हणत नाही."

तेवढ्यात पुढच्या दाराशी हॉर्न वाजला. दोनदा.

गुरुदत्त उठला. दाराकडे वळला, आणि ओट्यापाशी थांबला. झाकलेलं ताट त्याने उचललं, जमिनीवर मांडलं आणि मांडी घालून बसला. भात गार झाला होता. आमटी ओतून त्याने सावकाश कालवला. तासाभरापूर्वीच तो पोटभर जेवला होता.

"गुरू!" दिनानाथ उंबऱ्यात आला. "अरे चल, वेळ झाली. आता काय जेवतोस?"

गुरुदत्तच्या तोंडात घास होता. त्याने मान वर केली नाही. फक्त एक बोट वर केलं आणि ताटाकडे दाखवलं.

संजीवनीने मागचं दार हळूच ओढून घेतलं आणि ती विहाराच्या रस्त्याला लागली.