दुमडलेलं पान

शीला मॅडम सलग चौथ्या दिवशी हर्सूलच्या त्या गल्लीत शिरल्या, तेव्हा कडूबाईच्या दारापुढं टेम्पो उभा नव्हता, एवढ्यानंच त्यांचा जीव भांड्यात पडला. टेम्पो दुपारी येणार, हे शेजारणीनं कालच सांगितलं होतं. घरमालकानं खोली सोडायला तीन दिवस दिले होते आणि आज तिसरा होता. म्हणजे फार तर तासभर हातात होता. त्यांनी पर्समधली कडूबाईच्या पोरीची, श्रेयाची वही चाचपली आणि कडी वाजवली.

दार उघडलं नाही. गेले तीन दिवसही उघडलं नव्हतं.

घडलं काय ते सांगायला हवं, आणि सांगताना मॅडमना पाठीशी घालण्यात अर्थ नाही. त्या स्वतःसुद्धा घालत नव्हत्या.

जूनमध्ये चौथीचा वर्ग त्यांच्याकडे आला, तेव्हा एकतीसपैकी एकोणीस पोरांना धड वाचता येत नव्हतं. पुस्तक काढा म्हटलं की माना खाली. मॅडम हट्टी बाई. त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि प्रत्येकाला एक वही दिली. रोज घरचं काहीतरी लिहायचं, आपण बोलतो तसंच, चुकलं तर चुकू द्या. दर सोमवारी त्यातलं एक पान फळ्यावर उतरायचं आणि तोच वर्गाचा धडा. पहिल्या वाचनाला खुशाल अडखळा, दुसऱ्यांदा मात्र सरळ वाचायचं, हा त्यांचा नेम. इंद्रजीतच्या शेळीनं त्याच्या बापाचं मतदान कार्ड खाल्लं, त्या सोमवारी शेवटच्या बाकावरची पोरंही फळ्यापाशी सरकली होती. आपलंच घर फळ्यावर दिसलं की पोरं अक्षरांना भीत नाहीत, हे मॅडमना तेव्हा पटलं.

एकच नियम कडक होता. जे पान मधोमध दुमडलेलं असेल ते फक्त मॅडमसाठी. मॅडम ते वाचणार, खाली दोन ओळी उत्तर लिहिणार आणि पुन्हा दुमडून ठेवणार. फळ्यावर ते कधीच येणार नाही.

श्रेयानं जूनपासून वर्गात तोंड उघडलं नव्हतं. वहीत एखाद-दुसरा शब्द लिहायची, तोही खोडून. गणपतीच्या दिवसांत तिच्या वहीत पहिलं दुमडलेलं पान आलं.

‘माझा बाबा भिंतीच्या पल्याड हाय. आमच्या दारातून जेलची भिंत दिसती. बाबा तितं लिव्हायला शिकला. त्याच्या तीन चिठ्ठ्या आल्या. आईला वाचता येत नाय. शेजारी दिल्या तर समद्यांना कळंल. मला अजून बाबाचं अक्षर लागत नाय. मी निळ्या डब्यात ठेवल्यात. मॅडम मला लवकर शिकवा.’

पुढच्या दुमडलेल्या पानांतून बाकीचं कळलं. तिच्या बापाची, अंगदची मेंढरं कुणाच्या तरी तुरीत घुसली, भांडण पेटलं आणि त्याच्या काठीनं एकाचा जीव गेला. शिक्षा झाली. कडूबाईनं मेंढरं विकली आणि शोधून शोधून अशी खोली घेतली जिच्या दारातून ती भिंत दिसते. ती चिकलठाण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. गल्लीत सांगायची, नवरा पुण्याला गाडी चालवतो. तुरुंगाच्या दारात एकदा गावाकडचा माणूस दिसला, तेव्हापासून तिनं भेटीला जाणंही सोडलं होतं. तिनं मोबाइलचा नंबर बदलल्यावर त्याचा फोनही येईना. उरल्या होत्या फक्त चिठ्ठ्या.

ते पहिलं पान वाचून मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. चिठ्ठ्या घेऊन ये, मी वाचून दाखवते, असं त्या म्हणू शकत होत्या. दोन मिनिटांचं काम होतं. पण पोरगी आपल्या बापाची चिठ्ठी आपल्याच तोंडानं वाचते आहे, हे चित्र त्यांना फार आवडलं. खरं सांगायचं तर त्या चित्रात कौतुकानं बघत उभ्या असलेल्या मॅडमही होत्या. त्यांनी खाली लिहिलं, ‘दिवाळीपर्यंत तू स्वतः वाचशील.’

आणि श्रेया झपाटल्यासारखी शिकू लागली. पाट्या, बिस्किटाचे पुडे, भिंतीवरच्या जाहिराती, दिसेल ते वाचायची. दिवाळी झाली तरी डबा काही उघडेना. तिनं लिहिलं, ‘अजून अडखळतंय. आईपुढं सरळच वाचीन.’

मग याच आठवड्यात सोमवारी तपासणीला बद्रीनाथ साहेब आले. वह्यांचा गठ्ठा बघून त्यांनी विचारलं, पुस्तक सोडून ही शेळ्या-मेंढ्यांची पुराणं लिहून वाचन कसं येणार. मॅडमच्या डोक्यात तिडीक गेली. आता दाखवतेच, म्हणून त्यांनी वह्या चाळल्या आणि वर्षभरातलं सगळ्यात चांगलं पान काढलं. ते श्रेयाचं पहिलं दुमडलेलं पान होतं. त्यांना ते दिसलं नाही असं नाही. नाव गाळलं की झालं, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि खडू उचलला.

नाव गाळून काय होणार होतं? पाच महिने ती पोरं दुसरं काही नाही, एकमेकांची पानंच वाचत होती. कोण ‘पल्याड’ लिहितं, कोणाच्या घरी निळा डबा आहे, हे त्यांना पाठ होतं. वाक्यावरून माणूस ओळखायला मॅडमनीच त्यांना शिकवलं होतं. तिसऱ्या ओळीला माना वळल्या. श्रेयाही सगळ्यांबरोबर वाचत होती. तिचा आवाज बंद झाला. वर्गाचा झाला नाही. वर्ग एका सुरात शेवटपर्यंत गेला आणि नेमाप्रमाणे दुसऱ्यांदा तर एकही पोर अडखळलं नाही. साहेब खूश होऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालक कडूबाईच्या दारात उभा होता.

मॅडमनी पुन्हा कडी वाजवली. “कडूबाई, मी श्रेयाची वही आणलीय,” त्या दाराला तोंड लावून म्हणाल्या. “वही तरी घ्या.”

दार उघडलं. कडूबाई उंबऱ्यात उभी राहिली. आत गाठोडी बांधून ठेवलेली, आणि त्यांतल्या एकावर श्रेया दाराकडं पाठ करून बसलेली.

मॅडम भडाभडा बोलत सुटल्या. घरमालकाच्या पाया पडते, दुसरी खोली बघून देते, माझ्या घरी चला, पण पोरीला शाळेतून काढू नका, तिला आत्ता कुठं वाचता यायला लागलंय. बोलता बोलता त्यांनी हात जोडले, आणि त्यांना रडू आवरेना.

कडूबाईनं सगळं ऐकून घेतलं.

“दुमडलेलं पान पोरांना कळत व्हतं, मॅडम,” ती म्हणाली. “तुमाला कळलं नाय व्हय?”

मॅडमनी पर्समधून वही काढून पुढं धरली. कडूबाईनं सांगितलं, भावाच्या गावी चाललो. त्याची मेंढरं हायेत, पोरगी राखंल. तिथं शाळा आहे का, हे मॅडमनी विचारलं नाही. कुठल्या तोंडानं विचारायचं?

“निदान चिठ्ठ्या तरी वाचून दाखवते,” त्या अजिजीनं म्हणाल्या. “जायच्या आधी. दोन मिनिटं लागतील.”

“नको,” श्रेया म्हणाली. चार दिवसांत त्यांनी ऐकलेला तिचा हा पहिला शब्द. “मी वाचीन. तुमी भायेर थांबा.”

कडूबाईनं वही घेतली आणि दार लावलं. आतून कडी पडली.

मॅडम गल्लीत उभ्या राहिल्या. समोर घरांच्या वरून भिंतीचा लांबलचक तुकडा दिसत होता. आत डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग कागदाचा. मग श्रेयाचा, अक्षर अक्षर जोडत.

“श्रे-या-च्या आईला. मी बरा हाय. द-स-ऱ्याच्या आदी मला ना... ना-ग...”

ती थांबली. शब्द मॅडमच्या ओठांवर आला. वर्गात असं कोणी अडलं की त्या हळूच पुढचं अक्षर सांगायच्या, पोर सुटायचं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

“ना-ग-पूर. नागपूरच्या जेलात नेनार हायेत. लई लांब हाय. त्याच्या आदी एकदा भेटून जा. श्रेयाला आन. मी रोज वाट बगतो.”

आत कागद उलटल्याचा आवाज आला.

“आई, दसरा तर झाला ना?” श्रेयानं विचारलं.

दसरा होऊन दीड महिना झाला होता. रोज सकाळी कामावर निघताना कडूबाई दारात क्षणभर थांबून जिच्याकडं बघायची, त्या भिंतीमागं तिचं कोणी नव्हतं. आणि ही चिठ्ठी गणपतीतच डब्यात होती. तेव्हा दसरा पुढं होता, आणि मॅडमनी निळ्या शाईत दिवाळीचा वायदा लिहिला होता. ते पान आता आत होतं, त्यांच्या सहीसकट.

गल्लीच्या तोंडाशी टेम्पो वळला.

“परत वाच,” कडूबाई आतून म्हणाली.

श्रेयानं परत वाचलं. दुसऱ्यांदा ती कुठंही अडखळली नाही.