पेन्सिलीचा गोल

"पोरी, दुसऱ्याचा गोल आपन नाई भरायचा. ज्याचा त्याले भरू देजो. आज नाई भरला, उद्या भरीन. कधीच नाई भरला, तर तसाच राहू देजो."

बापूराव भगत सर जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचा हा आवाज सुलोचनाच्या कानातून गेला नव्हता. वर्ध्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता सरांनी चार डोकी जमवून 'आनुवंशिकता व वर्तन अभ्यास मंडळ' काढलं होतं. नाव भारदस्त, जागा मात्र सायकल दुकानावरची एक खोली. तिथे महिन्यातून एकदा शिक्षक, गुरांचे डॉक्टर, मानसशास्त्राचे प्राध्यापक जमत आणि एकाच प्रश्नावर घसा कोरडा करत: माणसाचा स्वभाव, त्याच्या सवयी रक्तातून किती येतात आणि घरातून किती?

त्यासाठी ते घराण्यांचे तक्ते काढत. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ज्या गोष्टीचा शोध चालू आहे ती ज्याच्यात असेल, त्याची आकृती काळ्या शाईने भरायची. नसेल, तर कडेने शाईची रेघ फिरवून मोकळी सोडायची. बाकी ठिकाणी अभ्यासक हे स्वतःच्या हाताने उरकतात. सरांनी मात्र वेगळी शिस्त लावली. मंडळाने नुसतं पेन्सिलीने आखायचं; शाई घरच्या माणसाने, आपापल्या हाताने लावायची. तो स्वतः सांगेपर्यंत पेन्सिलच. नव्या सभासदाला तर आधी स्वतःच्याच घराण्याचा तक्ता काढावा लागे. "दुसऱ्याच्या घरात डोकावाच्या आधी आपलं घर पाहा ना भाऊ," असं सर हसत म्हणत आणि कागद पुढे सरकवत.

सुलोचना थूल आता या मंडळाची चिटणीस होती. शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिचं बोलणं इतकं हळू, की मागच्या बाकावरची मुलं आपण होऊन पुढे येऊन बसत. रोज पहाटे अंघोळ करून बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची, त्रिशरण-पंचशील म्हणायचं, मगच चहाचं आधण ठेवायचं. तापाने फणफणली असतानाही हा नेम चुकला नव्हता.

त्या शनिवारी वंदना आटोपून ती खोलीवर आली, तेव्हा छापखान्यातून वार्षिक अंकाचे गठ्ठे येऊन पडले होते. दुसऱ्या दिवशी प्रकाशन होतं, नागपूरहून पाहुणे यायचे होते. प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर चिटणीसाने शाईने सही करायची, हीसुद्धा सरांचीच चाल. सहीशिवाय प्रत खोलीबाहेर जात नसे. तिने पेन उघडलं आणि सवयीने आधी अंक चाळला.

अडखळत बोलण्यावरचा लेख मधोमध होता. त्यात सिंदी रेल्वेजवळच्या एका घराण्याचा तक्ता होता. आजी देवकाबाईचा गोल भरलेला. त्यांचा मुलगा किसनराव, भरलेला. किसनरावांची बहीण, तीही भरलेली. आणि खाली किसनरावांची मुलगी आकांक्षा. तिचाही गोल काळाकुट्ट.

सुलोचनाने पेनाला टोपण लावलं.

तिला उन्हाळ्यातली ती दुपार आठवली. किसनरावांच्या पिठाच्या चक्कीमागच्या ओसरीत तक्ता पसरला होता. देवकाबाईंनी पेन हातात घेऊन आपला गोल असा घोटून भरला, की कागद फाटतो की काय! "पुरा काया करतो मी," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "लग्नात नाव घ्याले उभी राह्यली, तं मांडवातले लोक जेवून हात धुवून आले, तरी माहं नाव नाई सरलं!" सगळे हसले. हसली नाही ती आकांक्षा. तिने पेन घेतलं, गोलावर धरलं आणि परत ठेवलं.

"घरी बाबासमोर बोलणं अटकते, मॅडम. फोनवर तं लय अटकते. अन् वर्गात पोरांसमोर एक डाव नाई अटकत. मंग मी कोनता गोल भरू? काया का मोकळा?"

ती सिंदीच्या शाळेत तात्पुरती शिकवत होती. कायम होण्यासाठी मुलाखत व्हायची होती.

"घाई नाही गं. पेन्सिल राहू दे," सुलोचना म्हणाली होती.

"अन् तुम्ही छापसान तं?"

"छापून बाहेर जाण्याआधी मी स्वतः येऊन तुला पान दाखवीन. तू हो म्हटल्याशिवाय ते कोणाच्या हातात जाणार नाही."

आकांक्षाने तिच्याकडे नीट पाहिलं. "मी वाट पाहीन," एवढंच म्हणाली. ते वाक्य कुठेही अडखळलं नाही.

आणि आता तो गोल असा भरलेला! आकांक्षाच्या शाळेचे मुख्याध्यापक महादेवराव मंडळाचे सभासद होते. उद्या पहिल्या रांगेत बसून तेही अंक घेणार होते. सोमवारी तीच मुलाखत त्यांच्यापुढे व्हायची होती.

सुलोचनाने मुकेशला बोलावून घेतलं. मुकेश कॉलेजात शिकवायचा. तक्ते कॉम्प्युटरवर चढवायचं काम त्याचं. सुलोचना परीक्षेच्या कामात अडकलेली असताना त्याने अंक परस्पर छापखान्यात दिला होता.

"अहो मॅडम, पेन्सिलीची रेघ स्कॅनमध्ये उमटलीच नाही," तो म्हणाला. "मला वाटलं राहून गेलं. आजी, वडील, आत्या सगळे भरलेले. आणि घरच्यांची वयं विचारायला मी स्वतः त्या पोरीशी फोनवर बोललो ना! एक वाक्य पुरं करायला तिला किती वेळ लागला. मग मी भरला गोल. यात चूक काय झाली?"

"वर्गातलं तिचं बोलणं ऐकलंस का?"

"नाही."

"म्हणजे अर्धीच गोष्ट ऐकली, आणि आपण ती पूर्ण म्हणून छापली."

तेवढ्यात जिना चढून अध्यक्ष आले. सदाशिवराव म्हणजे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, बापूराव सरांच्या पहिल्या चौघांतले. धाप टाकतच त्यांनी काय झालं ते ऐकून घेतलं आणि खुर्चीत बसले.

"अहो सुलोचनाबाई, एवढ्यासाठी? नाव कुठे आहे त्यात? सिंदीजवळचं एक कुटुंब, बस!"

"तीन पिढ्या अडखळणारं, चक्की असलेलं, आजी, मुलगा, मुलगी आणि एकुलती नात. सर, सिंदीत हे घर कोण ओळखणार नाही?"

"मग पांढऱ्या कागदाची चकती चिकटवा त्या गोलावर. मुकेश, जा रे, डिंक घेऊन ये."

"चकती लावली की लोक आधी तीच उचकटून पाहतील."

मुकेशला हसू फुटलं. त्याने ते खोकल्यात लपवलं.

"मग काय करायचं म्हणता?" सदाशिवराव चिडले.

"ते पान काढायचं. सगळ्या प्रतींतून."

"काढायचं? आपलं एवढं काम! पाहुणे त्याच लेखावर बोलणार आहेत! इतकं हळुवार बोलता आणि असा दगड डोक्यात घालता, बाई!"

"काम कुठे जात नाही. तिने पान पाहिलं, हो म्हटलं, की पुढच्या अंकात छापू."

"आणि नाही म्हटली तर?"

"तर नाही."

"मी अध्यक्ष म्हणून सांगतो, प्रती जाऊ द्या."

सुलोचनाने टोपण लावलेलं पेन त्यांच्यापुढे टेबलावर ठेवलं. तिचा आवाज होता तेवढाच राहिला. "सर, मी रोज सकाळी शील घेते. खोटं बोलणार नाही, असं म्हणते. सकाळी ते म्हणायचं आणि दुपारी या पानावर सही करायची, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. दुसरा चिटणीस नेमा, मी मनात काही धरणार नाही. पण मी चिटणीस आहे तोवर हे पान जाणार नाही."

"अहो, पण शास्त्र म्हणून..." मुकेश मध्ये बोलायला गेला.

"शास्त्र म्हणूनच सांगते आहे. आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक नाही असं दाखवायला पेन्सिल आहे." मग ती सदाशिवरावांकडे वळली. तिला हे बोलायचं नव्हतं. दोनदा ओठांवर आलेलं तिने गिळलं होतं. "सर, आपल्या सगळ्यांच्या घरचे तक्ते या कपाटात आहेत. त्यातसुद्धा एक चौकोन अजून पेन्सिलीचाच आहे. बापूराव सरांनी तो कधी भरला नाही. मीही भरणार नाही."

मुकेशला काही कळलं नाही. सदाशिवरावांना कळलं. त्यांचा धाकटा भाऊ तरुणपणी घर सोडून निघून गेला होता. कोणी म्हणत डोक्यावर परिणाम झाला, कोणी म्हणत घरच्या धाकाला कंटाळला. तो परत आला नाही, आणि आता त्याच्या वतीने सांगणारं कोणी उरलं नव्हतं. मंडळात वेडसरपणावर दोन-दोन तास वाद झाले, पण त्या चौकोनाला कोणी हात लावला नव्हता.

मग सदाशिवरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत घातला.

"मुकेश, पट्टी आहे का रे? लोखंडी? आणि ब्लेड?"

"आहे सर. पण पाहुण्यांना काय सांगायचं?"

"मी सांगतो पाहुण्यांना. ते पान का नाही, यावरच बोलतो उद्या. ऐकतील जरा वेळ." मग सुलोचनाकडे न पाहता, "तुम्ही भल्या जिद्दी हो, बाई. बापूराव काय शिकवून गेले तुम्हाले, देव जाणे."

तिघेही बसले. सदाशिवराव पट्टी दाबून धरत, मुकेश ब्लेड चालवी, सुलोचना प्रत झटकून पाही आणि मगच सही करी. सुरुवातीला मुकेश पुटपुटत होता. मग एका प्रतीचं पान कापताना हात थांबवून म्हणाला, "मॅडम, ती पोरगी रागावेल का माझ्यावर?"

"रागावली तर ऐकून घे. मध्ये वाक्य पुरं करायला जाऊ नकोस तिचं."

कापलेली पानं तिने एका जुन्या चादरीत बांधून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. एक पान तेवढं बाहेर ठेवलं.

"फोन करून सांगून टाका ना," सदाशिवराव म्हणाले. "या उन्हात कुठे जाता?"

"फोनवर तिला त्रास होतो, सर. आणि मी येईन म्हटलं होतं."

तिने ते पान, मूळ पेन्सिलीचा तक्ता, एक शाईचं पेन आणि एक पेन्सिल पिशवीत घातली. चुकून छापलं गेलं होतं, तेही आज सांगायचंच होतं. आकांक्षा काय म्हणेल, गोल भरेल, मोकळा सोडेल की अख्खा तक्ताच फाडून टाकेल, याचा तिला काहीच अंदाज नव्हता. पांढरा पदर डोक्यावरून ओढून घेत ती जिना उतरली.

स्टँडवर सिंदीची गाडी लागलेलीच होती. ती चढली, खिडकीपाशी बसली आणि पान दुमडू नये म्हणून पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवली.