परतीचं भाडं

सत्तर सालच्या हिवाळ्यात जळगाव-धुळे रस्त्यावर इतके मालट्रक झाले, की पारोळ्याच्या चहावाल्यालासुद्धा त्यांची मोजदाद ठेवणं सोडून द्यावं लागलं. गाड्या वाढल्या आणि भाडं पडलं. पाडलं ते दीपचंद शेठनी. त्यांच्या चार गाड्या, माझी एक. ते अर्ध्या भाड्यात माल उचलायचे आणि मी अड्ड्यावर बसून त्यांना मनातल्या मनात शिव्या घालायचो.

मग एक दिवस शेठ स्वतः घरी आले. "जीवराम, गाडी मला देऊन टाक. तूच चालव. महिन्याच्या महिन्याला पगार घे आणि निवांत झोप." संक्रांतीला उत्तर द्यायचं ठरलं. बारा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून मी ही एक उभी केली होती. तिच्यावर पुन्हा नोकर म्हणून चढायचं, हे मला पटेना.

माझी बायको बेबाबाई धुळ्याकडची, देवपूरच्या पलीकडे साक्रीच्या वाटेवर तिचं माहेर. रागावली काय, हसली काय, तिकडचंच बोलते. ती म्हणाली, "सावद्याथून केळी भरी जातस, धुळ्याथून रिकामी गाडी येस. रिकामी गाडीले डिझेल लागस नही का?"

"धुळ्याहून परतीचा माल आहे कुठे? असेल तो दीपचंद उचलतो."

"मन्हा माहेरले मेंढ्यास्ना लेंडीना ढीग पडेल शेतस. केळीवालास्ले खत जोयजे."

माझं डोकंच फिरलं. दर सोमवारी जिला मी हार घालतो, तिच्यात लेंडी? मी तिला सांगितलं, माझी गाडी शेण वाहायला जन्माला आलेली नाही. ती भाकरी थापायला बसली. ती वाद घालत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

पुढच्या खेपेला ती माहेरी जायचं म्हणून गाडीत बसली. धुळ्याच्या बाजारात केळी उतरवून आम्ही सासुरवाडीला गेलो. सासूबाईंनी भरीत-भाकरी वाढली, मी दाबून जेवलो आणि ओसरीवर आडवा झालो. उठून पाहतो तर माझा मेहुणा वना आणि चार मेंढपाळ लेंडीच्या पाट्या डोक्यावर घेऊन माझ्या गाडीवर चढत होते. अर्धी गाडी भरली होती! मी इतका ओरडलो, की शेजारची कुत्री पळाली. बेबाबाई म्हणाली, "वरडा मंग. भरनं व्हई तवलोंग वरडा."

ती लेंडी सावद्याच्या एका बागेत उतरवली, तेव्हा बागवाल्याने केळी नेण्याच्या भाड्यापेक्षा जास्त पैसे हातावर ठेवले आणि वर विचारलं, "दुसरी गाडी कधी?" माझा राग तिथेच निम्मा उतरला. उरलेला मी केवळ इभ्रतीखातर घरापर्यंत टिकवला.

पण केळी भरायची तर गाडीला वास नको. मी हुशारी केली. बाजारातून फिनेल आणलं आणि दोन बाटल्या फळ्यांवर ओतून ताठ मानेने लखीचंद शेठच्या वखारीवर गेलो. केळीचे मोठे व्यापारी ते. त्यांनी गाडीत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"जीवराम, लेंडीचा वास केळीच्या ओळखीचा आहे. बागेत मुळाशी तीच असते. पण हा दवाखाना कशाला आणलास? गिऱ्हाईक केळं खाणार की इंजेक्शन घेणार?"

माल दुसऱ्या गाडीत गेला. मी घरी येऊन तोंड पाडून बसलो. बेबाबाईने पदर खोचला, मला तापीवर नेलं आणि आम्ही दोघांनी केरसुण्यांनी दुपारपर्यंत गाडी घासली. मग गाडी उन्हात तापू दिली आणि तळाला केळीची वाळकी पानं हातभर अंथरली. दुसऱ्या दिवशी लखीचंद शेठनी पुन्हा डोकं घातलं. या वेळी बराच वेळ आत ठेवलं. "भरा," म्हणाले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

महिनाभर जाताना केळी, येताना लेंडी. गाडीला दोन नवे टायर चढले. संक्रांतीला दीपचंद शेठ आले तेव्हा मी बेधडक सांगितलं, "गाडी देत नाही." सांगताना माझा आवाज थोडा चिरकला, पण सांगितलं.

शेठ हसले. "ऐकलंय सगळं. मग असं कर, धुळ्याहून माझ्याही गाड्या बऱ्याचदा रिकाम्याच येतात. मीही लेंडी भरतो."

मी मनातल्या मनात हिशोब केला. चार गाड्या उतरल्या की इथलंही भाडं पडणार. तेवढ्यात बेबाबाई चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "धाडा ना भाऊ. चारी धाडा."

मी डोळे वटारले. तिने बघितलंही नाही.

"पन ढीग आमना शेतस. होळीलोंग बठ्ठा मेंढपाळस्ले मन्हा भाऊनी शबद देयेल शे, लेंडी आमलेच. धुळ्यानं भाडं तुम्हीच पाडेल शे ना? मंग त्याच भाडामा आमनी लेंडी लई या."

म्हणजे ढीग आमचे, गाड्या त्यांच्या आणि भाडं त्यांनीच पाडलेलं, अर्धं. शेठ चहा संपवून म्हणाले, "मंजूर, वहिनी." जाताना त्यांनी मलाच विचारलं, "जीवरामभाऊ, उद्या गाड्या किती वाजता लावू?"

मी त्यांना पहाटे पाचची वेळ दिली.