कळशीच्या पोटावरची अक्षरे

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची कळशी आहे. माझ्या पोटावर पांढऱ्या रंगात काहीतरी लिहिलेले तुम्हाला दिसेल. ते आत्ताच वाचू नका. आधी माझे ऐकून घ्या, मग वाचा.

एका तांबटाने मला सपाट पत्र्यातून ठोकून ठोकून उभे केले. त्याच्या हातोडीच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. "पिढ्यान्पिढ्या पाणी पाजशील," असे तो म्हणाला होता, आणि मला तो आशीर्वाद वाटला.

पुढे मी पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरच्या घरी आले. त्याच्या बायकोने मला स्वयंपाकघरात, खिडकीखालच्या ओट्यावर जागा दिली. ती रोज मला लखलखीत घासायची, रात्री पाणी भरायची आणि चव यावी म्हणून त्यात अर्धे लिंबू पिळायची. येईल त्याला सांगायची, "आमच्या कळशीचं पाणी पिऊन बघा. औषध आहे औषध." कौतुकाची सवय लागली की भलेभले बिघडतात, मी तर एक भांडे. हरभऱ्याच्या झाडावर जी चढले ती उतरलेच नाही.

त्यांच्या लेकीला सगळे बबडी म्हणत. बापाने तिच्या हातात पहिल्यांदा ब्रश दिला, तेव्हा तिने माझ्याच पोटावर पहिला शब्द काढला: पाणी. वेलांटी जरा फुगली होती. बाप वाकून बघत म्हणाला, "रेघ सरळ आहे. पोरीचा हात माझ्यावर गेलाय." त्या दिवसापासून बबडी मला माझीच वाटू लागली.

मोठी झाल्यावर ती बापाबरोबर दुकानांच्या पाट्या रंगवू लागली. मग एकाएकी तिचा हात थरथरू लागला. अक्षरे वाकडी पडू लागली. "लक्ष कुठंय तुझं?" म्हणून बाप आधी रागावला, आणि एक दिवस त्याने तिच्या हातातून ब्रश काढून घेतला. बबडी स्वयंपाकघरात येऊन बसली. हात मांडीखाली दाबून धरला, तरी तो हलतच होता.

"अशक्तपणा आहे, दुसरं काही नाही," आई म्हणाली, आणि तिने माझ्यातला आणखी एक पेला तिच्यापुढे केला. मीही मायेने काठोकाठ भरून दिला.

डॉक्टरांनी बबडीच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिले. बुबुळाच्या कडेला त्यांना तपकिरी कडे दिसले. "अंगात तांबं किती आहे ते रक्तातून तपासू," ते म्हणाले, "आणि ही ज्यातून पाणी पिते ते भांडं घेऊन या." आईने मला लग्नाला न्यावे तसे घासूनपुसून नेले. मला वाटले, माझा सत्कारच होणार.

रक्त घेणाऱ्या बाईंनी मला पाहिले मात्र, लगेच म्हणाल्या, "हे इथे नको. बाहेर ठेवा. रक्त भरायची ही नळीसुद्धा वेगळी असते. धातूचा कण जरी लागला तरी आकडा चुकतो." मला बाहेरच्या बाकाखाली ठेवले. उघड्या दारातून दिसत होता तो बबडीचा दंडाला पट्टा बांधलेला हात, आणि तो हलू नये म्हणून मनगट धरून बसलेली आई. डॉक्टरांनी सांगितले, रिपोर्ट येईपर्यंत कळशीतले पाणी बंद.

घरी आल्यावर मी मोरीत गेले, फडक्यांच्या बादलीशेजारी.

मग रिपोर्ट आला. रक्तातले तांबे कमी निघाले. आई हसतच मोरीत आली. "कमी आहे! आणि मी वेडी ते बंद करून बसले होते." मला पुन्हा ओट्यावर बसवले, चमकवले, आणि डॉक्टरांची पुढची तारीख येईपर्यंत बबडीला रोज दुप्पट पाणी पाजले. बबडी पेल्यामागून पेला प्यायली. मला वाटले, मी खरी ठरले.

त्या तारखेला तिघे परतले तेव्हा कुणी चपलासुद्धा नीट काढल्या नाहीत. बाप सावकाश बोलत होता. "रक्तात कमी दिसतं, कारण तिथं ते वाहून नेणारा हमालच हिच्यात कमी आहे. जादा तांबं बाहेर पडत नाही. यकृतात साचतं, मेंदूत साचतं. म्हणून हात हलतो. जन्मापासून आहे, आपल्या दोघांकडून आलंय. आणि आपण वरून लिंबू पिळून पाजत बसलो. आंबटानं तांबं पाण्यात जास्तच उतरतं."

आई भिंतीला टेकून उभी राहिली. मग तिने माझ्याकडे बोट केले. "या मेलीनं घात केला."

मित्रांनो, मी कधी उठून कुणाच्या ओठांना लागले नव्हते. लिंबू मी पिळले नव्हते. ज्या तोंडाने मला औषध म्हटले त्याच तोंडाने मला मेली म्हटले. मी बबडीकडे पाहिले. एक शब्द तरी ती माझ्या बाजूने बोलेल असे वाटले. ती बोलली नाही. त्याहून वाईट ते मला मागाहून उमगले. तिच्यासाठी मी काठोकाठ भरत होते, आणि तिच्याच अंगात थोडी थोडी साचत होते. माझ्याच धातूने माझा केसाने गळा कापला.

मागच्या अंगणात, रंगाच्या रिकाम्या डब्यांत माझी रवानगी झाली. बबडीचे औषध सुरू झाले. ती तिथेच बसून जुन्या फळ्यांवर रेघा ओढायची. आधी त्या नागमोडी यायच्या. पुष्कळ फळ्या वाया गेल्या.

एका दुपारी ती ब्रश आणि पांढऱ्या रंगाची डबी घेऊन माझ्यापाशी आली. बाहीने माझी धूळ पुसली. मी सगळे विसरले. फिकट झालेला 'पाणी' हा शब्द ती पुन्हा उजळणार, असे मला वाटले.

"भंगारात दे ना ती," दारातून आई म्हणाली.

"नको. माझी आहे," बबडी म्हणाली, आणि टर्पेंटाइनच्या फडक्याने तिने 'पाणी' पुसून टाकले.

मित्रांनो, एकच मागणे आहे. दहा जणांना मानवते ते अकराव्याला मानवेलच असे समजू नका, पाजण्याआधी विचारा. आणि चूक आपली असेल तर ती मुक्या भांड्यावर ढकलू नका.

आता वाचा माझ्या पोटावरची अक्षरे: 'पिण्यासाठी नाही'.

ती वाचून आजही माझा जीव जळतो. पण जरा जवळ येऊन बघा. एकही रेघ हललेली नाही.